मोहीम ठरण्याची वाट न पाहता अणुबॅटरी चालू करा

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो), बंगळुरू
मा. संचालक, भाभा अणुसंशोधन केंद्र, ट्रॉम्बे, मुंबई

सादर नमस्कार.

चांद्रयान-३ च्या प्रणोदन यानात भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले दोन रेडिओआयसोटोप हीटर, म्हणजे किरणोत्सारी पदार्थाच्या उष्णतेवर ऊब देणारी छोटी उपकरणं, होते, ही गोष्ट उड्डाणानंतर काही महिन्यांनी आम्हा सर्वसामान्यांना कळली. उष्णता प्रत्येकी जेमतेम वॅटभर. मोबाइलचा चार्जरसुद्धा याहून जास्त काम करतो. तरी ती बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला. खाली चंद्रावर विक्रम आणि प्रज्ञान सप्टेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात निजवले गेले, चौदा दिवसांची रात्र सरली, संदेश पाठवले गेले आणि उत्तर आलं नाही. त्यांची रचनाच एका चांद्रदिवसापुरती होती आणि नेमून दिलेलं काम त्यांनी चोख केलं, तेव्हा यात कोणाचंही अपयश नाही. पण त्याच मोहिमेत, वर कक्षेत, सूर्य असो वा नसो स्वतःच्या उबेवर राहणारं एक छोटं भारतीय उपकरण फिरत होतं. ते उपकरण मोठं व्हावं, त्यातून वीज निघावी आणि ती वीस-तीस वर्षं निघत राहावी, असं मला वाटतं. त्यासाठी आपल्याकडे एक मागणं घेऊन हे पत्र लिहीत आहे.

मी शास्त्रज्ञ नाही. माझी सगळी नोकरी भोसरीच्या हीट ट्रीटमेंट कारखान्यांमध्ये, भट्ट्यांचं तापमान मोजणारी यंत्रणा सांभाळण्यात गेली. थर्मोकपल बसवणं, काढणं, कॅलिब्रेट करणं हाच धंदा. अणुबॅटरी, म्हणजे किरणोत्सारी इंधनाच्या उष्णतेतून वीज काढणारा संच (आरटीजी), ज्या तत्त्वावर चालते तेच तत्त्व आमच्या हातात रोज असायचं. दोन वेगळ्या धातूंचे सांधे, एक गरम, एक थंड, आणि त्यातून निघणारा किंचित विद्युतदाब. आम्ही त्यातून तापमान वाचत होतो, अंतराळवाले त्यातून वीज काढतात. एवढ्याच नात्याच्या जोरावर बोलतो आहे.

या धंद्यात एक गोष्ट हाडात मुरते. नवं थर्मोकपल पहिल्या दिवशी बरोबर वाचतं. सगळीच वाचतात. प्रमाणपत्रही त्या पहिल्या दिवसाचंच असतं. ते नऊशे अंशांच्या भट्टीत, ऑक्सिजन कमी असलेल्या वातावरणात वर्षभर राहिल्यावर बाहेर काढा आणि आवरण कापून बघा. के-टाइप थर्मोकपलच्या क्रोमेल (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) तारेवर हिरवट थर दिसतो, तार ठिसूळ झालेली असते, बोटांनी वाकवली की तुटते. त्यातलं क्रोमियम आधी जळून गेलेलं असतं. गंमत अशी की ती तुटेपर्यंत आकडा देतच असते, फक्त खऱ्याहून कमी. पॅनेल ८८० दाखवतं, भट्टी त्याच्या वर गेलेली असते, आणि आतला माल हातचा जातो. हा दोष पहिल्या दिवशी, पहिल्या आठवड्यात, पहिल्या महिन्यातही पकडता येत नाही. तो पकडायला ते थर्मोकपल तिथेच, त्याच तापात, तेवढा काळ ठेवावं लागतं.

आरटीजीचं दुखणं नेमकं इथेच आहे. प्लुटोनियम-२३८ चं अर्धायुष्य ८७.७ वर्षं. म्हणजे इंधनाची उष्णता वर्षाला एक टक्क्याहूनही कमी घटते. व्हॉयेजर यानं १९७७ मध्ये निघाली तेव्हा प्रत्येकी तीन आरटीजी मिळून सुमारे ४७० वॅट देत होती. नुसत्या इंधनाचा हिशेब केला तर आज दोन तृतीयांश वीज उरायला हवी होती. उरली आहे निम्म्याच्या आसपास, आणि दरवर्षी साधारण चार वॅट कमी होतात. मधली तूट कुठे गेली? ती थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे उष्णतेची वीज करणाऱ्या, पदार्थांच्या म्हातारपणात गेली. गरम टोकाकडून अणू उडून जातात, सांध्यांमध्ये एक धातू दुसऱ्यात मुरतो, रोध वाढतो, इन्सुलेशनची पकड ढिली होते. मंगळावरच्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या रोव्हरांवरही असाच संच आहे: ४.८ किलो प्लुटोनियम डायऑक्साइड, सुमारे २००० वॅट उष्णता आणि सुरुवातीला ११० वॅट वीज. त्याचीही वीज इंधनाच्या ऱ्हासापेक्षा कित्येक पट वेगाने घटते. यानाचा वैज्ञानिक जेव्हा विचारतो, ‘पंधराव्या वर्षी मला किती वॅट मिळतील?’, तेव्हा त्याचं खरं उत्तर पंधरा वर्षं चाललेल्या संचाकडेच असतं.

‘तापमान वाढवून म्हातारपण लवकर आणता येतं’, असं आपल्याकडचे अभियंते म्हणतील. येतं, आणि तशा चाचण्या कराव्यातच. पण भट्टीवर काम केलेल्या कोणालाही विचारा, शंभर अंश वाढवले की नुसता वेग वाढत नाही, बिघाडाची जातच बदलते. जो हिरवा थर नऊशेला धरतो तो त्याहून फार वरच्या तापमानाला तसा धरत नाही, तिथे दुसरंच काही तरी आधी मरतं. म्हणून घाईच्या चाचणीचा निकाल खरा की खोटा हे ठरवायलाही शेजारी एक संच खऱ्या तापमानाला, खऱ्या वेगाने चालू असावा लागतो.

यासाठी किरणोत्सारी इंधन लागत नाही, ही यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट. इंधनाच्या जागी त्याच आकाराचा, तेवढीच उष्णता देणारा विजेचा हीटर बसवायचा, संच निर्वातात ठेवायचा आणि चालू ठेवायचा. जगभर असंच करतात. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या नासा ग्लेन केंद्रात स्टर्लिंग कन्व्हर्टर असेच चालवले जातात. ही यंत्रं उष्णतेवर पिस्टन हलवून वीज काढतात. एकमेकांना घासणारे भाग त्यात नसतात आणि तेवढ्याच इंधनात वीज थर्मोकपलच्या साधारण चौपट मिळते. त्यांच्या आधारे ज्या अणुबॅटरीचा प्रकल्प उभा राहिला होता, तो नासाने २०१३ मध्ये पैशाअभावी थांबवला. पण ग्लेनच्या लोकांनी चाचणीच्या टेबलावरची यंत्रं बंद केली नाहीत. त्यातल्या एकाने २०२० मध्ये देखभालीशिवाय चौदा वर्षं चालण्याचा टप्पा ओलांडला. प्रकल्प मेला, अधिकारी बदलले, सरकारं बदलली आणि ते यंत्र चालतच राहिलं. आज कोणी स्टर्लिंगचं नाव पुन्हा काढलं तर त्याच्या हातात चौदा वर्षांची नोंदवही आहे. ती कितीही पैसे ओतले तरी एका वर्षात तयार करता आली नसती.

त्याच केंद्रात जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठाबरोबर एक चाचणी झाली. लेस्टरने अमेरिशियम-२४१ च्या उष्णतास्रोताची हुबेहूब नक्कल बनवली, आत विजेचा हीटर घालून, आणि ग्लेनने तिच्यावर स्टर्लिंगचा चाचणी-संच चालवून पाहिला. एखादा कन्व्हर्टर बंद पडला तरी उरलेल्यांनी वीजपुरवठा सावरावा, अशी त्या संचाची रचना होती. लेस्टर हे एक विद्यापीठ आहे. तिथले विद्यार्थी आणि प्राध्यापक या कामात आहेत. आपल्याकडेही मुंबईत, पुण्यात, चेन्नईत असं काम करू शकणारे विभाग आहेत, कारण नक्कल-स्रोताला कोणताही आण्विक परवाना लागत नाही. त्याला हीटरची तार गुंडाळणारा चांगला वाइंडर, चांगलं सिरॅमिक, भरवशाचा व्हॅक्यूम पंप आणि कधीही न जाणारी वीज लागते. यातलं बरंचसं पिंपरी-चिंचवडच्या छोट्या शेडांमध्ये बनतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

अमेरिशियमचा उल्लेख मुद्दाम केला. कोणतं इंधन निवडायचं हा सर्वस्वी ट्रॉम्बेचा अधिकार आणि ट्रॉम्बेचंच ज्ञान. पण एक नागरिक म्हणून मला हा पदार्थ आपल्या परिस्थितीला जवळचा वाटतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे ४३२ वर्षं. ग्रॅममागे उष्णता प्लुटोनियम-२३८ च्या पाचव्या हिश्शाइतकीच, म्हणजे संच जड होणार, हे खरं. पण तो वेगळ्या अणुभट्टीत शिजवावा लागत नाही. वापरलेल्या इंधनातून काढलेलं प्लुटोनियम साठवून ठेवलं की त्यातल्या प्लुटोनियम-२४१ पासून तो आपोआप तयार होत राहतो. ब्रिटनने तोच रस्ता धरला आहे. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्याचं काम आपल्याकडे ट्रॉम्बेला साठच्या दशकापासून आहे, तारापूरला आहे, कल्पक्कमला आहे. उलट प्लुटोनियम-२३८ चं काय होतं ते अमेरिकेने अनुभवलं आहे. १९८८ मध्ये त्यांनी उत्पादन थांबवलं, रशियाकडून विकत घेतलं, आणि स्वतःकडे पुन्हा पहिले ५० ग्रॅम बनवायला २०१५ उजाडलं. थांबलेलं काम पुन्हा सुरू करणं किती जड जातं, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

विजेच्या हीटरने सगळं कळत नाही, हेही लिहायला हवं. खऱ्या इंधनातून अल्फा कण बाहेर पडतात आणि त्यांचा हेलियम वायू होतो. तो कॅप्सूलमध्ये, म्हणजे इंधनाच्या बंद डबीत, साठतो, दाब वाढतो, त्याला बाहेर जायला वाट ठेवावी लागते. इंधनाच्या वडीला आतून मार बसतो, ती फुगते, तिला तडे जातात. यासाठी खऱ्या इंधनाच्या काही कॅप्सूल बनवून बाजूला ठेवाव्या लागतील आणि ठरावीक वर्षांनी एकेक कापून बघावी लागेल. हे काम फक्त ट्रॉम्बेच्या हॉट सेलमध्ये, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ हाताळायच्या जाड भिंतींच्या बंद कोठड्यांमध्येच, होऊ शकतं. म्हणून हे पत्र दोघांच्या नावे आहे. नुसत्या बंगळुरूने हे होणार नाही, नुसत्या ट्रॉम्बेनेही नाही.

आता सुरक्षिततेच्या चाचण्यांकडे येतो. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण लोकांच्या मनात भीती इथेच आहे आणि ती रास्त आहे.

एप्रिल १९६४ मध्ये अमेरिकेचा ट्रान्झिट उपग्रह कक्षेत पोचला नाही. त्यावरची स्नॅप-९ए ही अणुबॅटरी तेव्हाच्या विचारानुसार वरच्या वातावरणात जळून विखुरण्यासाठीच बनवलेली होती. ती तशी जळाली आणि सुमारे १७,००० क्युरी (क्युरी हे किरणोत्साराचं माप) प्लुटोनियम-२३८ जगभर पसरलं. त्यानंतर तत्त्वच बदललं: काहीही झालं तरी इंधन अखंड खाली आलं पाहिजे. चार वर्षांनी, मे १९६८ मध्ये, निंबस उपग्रहाचं रॉकेट भरकटलं म्हणून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उडवून द्यावं लागलं. त्याच्या दोन अणुबॅटऱ्या समुद्राच्या तळाशी गेल्या. काही महिन्यांनी त्या बाहेर काढल्या तेव्हा इंधन शाबूत होतं, इतकं की तेच पुढच्या निंबसमध्ये वापरलं गेलं. १९७० मध्ये अपोलो-१३ परतताना त्याचं चंद्रावर उतरायचं यान वातावरणात जळालं आणि त्याची अणुबॅटरी प्रशांत महासागरात टोंगा गर्तेच्या परिसरात बुडाली. तिथे किरणोत्सार आढळला नाही.

१९६४ आणि १९६८ मधला फरक नशिबाचा नाही, चाचण्यांचा आहे. आजच्या अमेरिकन कॅप्सूलला इरिडियमचं कवच असतं, त्यावर कार्बन धाग्यांच्या ग्रॅफाइटचं आघात-कवच, त्यावर वातावरणातल्या घर्षणासाठी आणखी एक. ही कवचं लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत सेकंदाला पन्नास-साठ मीटरच्या वेगाने पोलाद आणि काँक्रीटवर आपटून, रॉकेट-इंधनाच्या आगीत टाकून, स्फोटाच्या तडाख्यात धरून, उडत्या तुकड्यांचा मारा करून तपासली गेली. इंधन भरल्यानंतर पूर्ण संच आयडाहोच्या प्रयोगशाळेत कंपनाच्या टेबलावर हलवला जातो, त्याचा गुरुत्वमध्य मोजला जातो, चुंबकत्व मोजलं जातं आणि निर्वातात तापवून वीज मोजली जाते. मग तो यानाकडे जातो.

भारतात या विषयाला नंदादेवीचा इतिहास आहे. ऑक्टोबर १९६५ मध्ये चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवायला अमेरिकन आणि भारतीय गुप्तचर यंत्रणांनी मिळून एक उपकरण शिखराकडे नेलं. त्याची वीज स्नॅप-१९सी या प्लुटोनियमच्या बॅटरीवर होती. हवामान बिघडलं, गिर्यारोहकांनी सामान वरच बांधून ठेवलं आणि ते खाली उतरले. पुढच्या वर्षी वर गेले तर ते जागेवर नव्हतं. आजतागायत सापडलेलं नाही. देशाला हे १९७८ मध्ये कळलं, तेही परदेशी नियतकालिकात छापून आल्यावर. मग पंतप्रधान मोरारजी देसाईंनी संसदेत निवेदन केलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऋषिगंगेला पूर आला तेव्हा रैणी गावातल्या लोकांनी पुन्हा त्याच हरवलेल्या यंत्राचं नाव घेतलं. पुराची कारणं वेगळी होती, हिमालयात कडा आणि बर्फ कोसळून तो आला. पण छप्पन्न वर्षांनंतरही लोकांना आधी ते यंत्र आठवलं. ज्यांच्यापासून गोष्ट लपवली जाते, ते तिला कधीच विसरत नाहीत.

श्रीहरिकोट्याच्या बाजूला पुलिकत सरोवर आहे. तिथे मासेमारीवर जगणारी गावं आहेत. उद्या शंभर वॅटची अणुबॅटरी घेऊन एलव्हीएम-३ रॉकेट उडणार असेल, तर त्या गावांना ते आधी कळलं पाहिजे, त्यांच्या भाषेत कळलं पाहिजे आणि आकड्यांसकट कळलं पाहिजे. कॅप्सूल किती उंचीवरून, कशावर आपटली, किती वेळ कोणत्या तापमानाच्या आगीत राहिली, खाऱ्या पाण्यात किती महिने ठेवली, आणि यातल्या कोणत्या चाचणीत ती फुटली. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. कधीच न फुटलेल्या कॅप्सूलची चाचणी पुरती झालेली नाही, तिची मर्यादा अजून कोणाला सापडलेली नाही. पर्सिव्हिअरन्सच्या आधी नासाने पर्यावरण-परिणामाचा संपूर्ण अहवाल लोकांसमोर ठेवला होता, त्यावर हरकती मागवल्या होत्या आणि अपघाताच्या शक्यता आकड्यांत लिहिल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या तत्त्वांमध्येही उड्डाणाआधी सुरक्षेचं मूल्यमापन करून त्याचे निष्कर्ष जाहीर करणं अपेक्षित आहे. चांद्रयान-३ वरचा वॅटभराचा हीटर धोक्याच्या दृष्टीने अगदीच किरकोळ होता, हे मी मानतो. म्हणूनच तो उड्डाणाआधी जाहीर करणं सगळ्यात सोपं होतं, असंही मला वाटतं. पुढच्या वेळी तसं व्हावं.

‘मोहीमच मंजूर नाही तर चाचणीला पैसा कोण देणार?’ हा प्रश्न मला अपेक्षित आहे. माझा सगळा आग्रह या प्रश्नाभोवतीच आहे. आपल्याकडे आधी मोहीम मंजूर होते, मग तारीख येते, मग उपकरणं त्या तारखेच्या मापाने कापली जातात. कॅमेऱ्याच्या बाबतीत हे चालतं. अणुबॅटरीच्या बाबतीत चालत नाही, कारण मंजुरी आणि उड्डाण यांच्यामध्ये मिळणारी पाच-सहा वर्षं तिच्या आयुष्याची परीक्षा घ्यायला अपुरी आहेत. जपानबरोबरच्या चांद्रयान-५ चा रोव्हर २५० किलोचा आहे, प्रज्ञानच्या दहापट. चंद्रावरची पुढची पावलं रात्रीतून जगण्याचीच असणार. गुरूजवळ सूर्यप्रकाश पृथ्वीच्या पंचविसाव्या हिश्शाइतका उरतो. जूनो यानाचे सौर पंख पृथ्वीजवळ १४ किलोवॅट देऊ शकले असते, तिथे ते सुमारे ५०० वॅट देतात. शनीजवळ तर शंभराव्या हिश्शाच्या आसपास. शनीच्या टायटन या चंद्रावर जाणारं नासाचं ड्रॅगनफ्लाय यान अणुबॅटरीवरच उडणार आहे. आपल्याला शनीपर्यंत जायचं असेल, आणि मला खात्री आहे की आपण जाणार, तर ती मोहीम ज्या वर्षी मंजूर होईल त्या वर्षी तिच्या अणुबॅटरीची भावंडं जमिनीवर दहा वर्षं चाललेली असायला हवीत.

म्हणून मागणं असं आहे. सहा-आठ संच बनवा, विजेच्या हीटरवर, वेगवेगळ्या थर्मोइलेक्ट्रिक पदार्थांचे, जमल्यास त्यात एखाद-दुसरा स्टर्लिंगचाही. ते एकाच ठिकाणी, निर्वातात, चालू करा. त्यांना कोणत्याही मोहिमेच्या अंदाजपत्रकाशी बांधू नका, स्वतंत्र लेखाशीर्ष द्या, म्हणजे मोहीम रद्द झाली म्हणून कोणी त्यांचं बटण बंद करणार नाही. सांभाळायला तरुण तंत्रज्ञ नेमा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले नकोत, कारण हे काम एका माणसाच्या नोकरीभर चालणार आहे आणि पहिल्या दिवसाचा आवाज ज्याने ऐकला आहे त्यालाच पंधराव्या वर्षीचा फरक ऐकू येतो. संच बिघडला तर तो गुपचूप बदलू नका. कापा, फोटो काढा, छापा.

आणि दरवर्षी दोन्ही विभागांच्या वार्षिक अहवालात एक पान द्या: कोणता संच किती तास चालला, पहिल्या दिवशी किती वॅट देत होता, आज किती देतो, कोणता बंद पडला आणि कशामुळे. त्या पानावर पहिली काही वर्षं फार काही नसेल. तरी ते छापा. हे पान कोणत्या वर्षीच्या अहवालापासून सुरू करता येईल, एवढं कृपया कळवावं.

आपला,
भोसरी, पुणे येथील एक तापमापन तंत्रज्ञ